मामाकडचा मासा

११ ऑक्टोबर, शनिवार. मेदान

‘ही पोरगी आयुष्यात बसून कुठे जायची नाही, उभ्यानेच जाईल,’ असं मामा म्हणाला होता. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. मोठ्या तळ्यातल्या सामोसिर बेटावरून काठावरच्या बालिगेला येणारी लाँच. सगळे फळ्यांवर मुकाट बसलेले आणि मी पुढे टोकाशी उभी. आई ओरडत होती, ‘बस, पडशील.’ मामानं मागून माझ्या फ्रॉकचा पट्टा धरला आणि आईला हे ऐकवलं. मला बसवलं मात्र नाही.

आज ते आठवलं, कारण चष्म्याच्या दुकानात एका गिऱ्हाईक आजोबांचे डोळे तपासताना खिशातला फोन थरथरला आणि मी उभ्याउभ्याच वाचलं. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा मंजूर. एक वर्ष राहायचं, काम करायचं, त्याच पैशांत फिरायचं. तिशी ओलांडली की हा व्हिसा मिळत नाही आणि माझी तिशी दारात येऊन उभी आहे. आजोबा पुन्हा पुन्हा सांगत होते, ‘बाई, खालची ओळ मला दिसतच नाहीये.’ मी म्हटलं, ‘छान, छान.’ मग त्यांचा नंबर पहिल्यापासून काढला. पहिल्यांदा मी काय लिहिलं होतं ते मलाच लागेना.

तास्मानिया. चेरीच्या बागा. डिसेंबरात तोडणी सुरू होते. बसमध्ये मी हे नाव इतक्यांदा पुटपुटले की शेजारची बाई सरकून बसली. येताना ही वही घेतली.

मामाला सांगायला हवं. पण मामा आमच्याकडे येत नाही आता. माझे आजोबा, बाबांचे वडील, गेले त्या वर्षापासून नाही.


१४ ऑक्टोबर, मंगळवार

आईला सांगितलं. आधी खोलीत चार फेऱ्या मारल्या. एन्दाह, माझी खोलीतली मैत्रीण, म्हणाली, ‘लाव आता तो फोन. तुझ्या चालण्यानं मलाच धाप लागली.’

‘आई, एक सांगायचंय.’

‘लग्न?’

‘नाही.’

‘मग सांग.’

सांगितलं. आई म्हणाली, ‘आणि तिथे करणार काय?’

‘चेरी तोडणार.’

‘डोळे तपासायचं शिकलीस आणि फळं तोडणार. आपली कॉफी तोडायला बोलावलं की तुझी कंबर दुखते.’

आता रडारड होणार म्हणून मी भिंतीला टेकले. पण आई म्हणाली, ‘निघायचं कधी?’

‘सतरा नोव्हेंबरला विमान आहे.’

‘मग ये लवकर. मामाकडचा मासा यायला हवा.’

आमच्यात कुणी लांब निघालं की त्याच्या ताटात अख्खा सोनेरी मासा येतो. डोकं शाबूत, खवल्यांसकट, हळद-तिरफळात शिजलेला, तोंड जाणाऱ्याकडे. तो घरचा चालत नाही. आईच्या माहेरून यावा लागतो. मुलगी देणारं घर आमच्याकडे कायम वरचं. मासा आणि आशीर्वाद तिकडून येतात, इकडून डुकराच्या मटणाचं भांडं जातं. मासा समोर आला की मगच आई जाणाऱ्याच्या डोक्यावर तांदूळ ठेवते.

‘मामा आपल्याशी बोलत नाही,’ मी म्हटलं.

‘तुझ्याशी कुठे बोलत नाही? तुझ्या बाबांशी बोलत नाही.’

‘आणि तुझ्याशी?’

‘मी या घरात दिलेली. मी कुठल्या तोंडानं बोलणार? हे बघ लाम्रिया, माशाशिवाय मी तांदळाला हात लावायची नाही. सांगून ठेवते.’

मला जरा रागच आला. पोरगी समुद्रापार निघाली आणि हिला माशाची पडलीय. डोळ्यांत टिपूससुद्धा नाही. उलट आवाज इतका टवटवीत, जसा काही व्हिसा हिलाच मिळालाय.


१८ ऑक्टोबर, शनिवार

बूट घेतले. घोट्याच्या वरपर्यंत येणारे, खाली दात असलेले. खोलीत घालून फिरले तर खालची घरमालकीण वर आली. कुणी घोडा आणलाय बघायला.

चेरी देठासकट तोडायची असते. देठ तुटला तर फळ वाया. मोबाइलवर एक गोरी बाई शिकवते. मनगट वळवायचं, ओढायचं नाही. मी एन्दाहच्या कानातल्या डुलांवर सराव केला. तिनं मला हाकललं.


२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दुकानातला शेवटचा दिवस. आमच्या मालकांना सगळे को आलिओंग म्हणतात. त्यांनी नूडल्स मागवल्या, लांबच लांब, शुभ म्हणून तोडायच्या नाहीत. मी तोंडात अर्ध्या, ताटलीत अर्ध्या अशी अडकले असताना त्यांनी भाषण सुरू केलं.

‘ही गेली की माझी गिऱ्हाइकं जाणार. ही प्रत्येकाला सांगते, डोळे छान आहेत तुमचे. अरे, छान असते तर आला असता का तो इथे?’

मग एक डबी दिली. मला वाटलं गॉगल. आत बाबांसाठी नवा चष्मा. दोन वर्षांपूर्वी बाबांना मी इथे ओढून आणलं होतं, तेव्हाचा नंबर त्यांनी जपून ठेवला होता. ‘तुला तिकडे ऊन लागेल तेव्हा तू टोपी घालशील. पण तू काय करतेयस ते फोनवर बघायला म्हाताऱ्याला चष्मा लागेल.’

मी नूडल्सचं निमित्त करून खाली मान घातली.

एन्दाहनं तिच्या हातच्या मिरच्यांच्या ठेच्याची बाटली दिली. मी म्हटलं, ‘तिथे विमानतळावर काढून घेतात.’ ‘मग विमानात खा,’ म्हणाली. तिनं माझा पलंग आतापासूनच तिच्या मावसबहिणीला दिलाय. चांगलंय. मागे पलंग रिकामा राहिला असता तर मला झोप लागली नसती.


२९ ऑक्टोबर, बुधवार. घरी

वळणावरून तळं दिसलं की गाडीतले सगळे गप्प होतात. मी या वेळी गप्प झाले नाही. ड्रायव्हरला चेरीबद्दल सांगत होते. तो म्हणाला, ‘माझा भाऊ मलेशियाला गेला, तोही असाच बोलत होता.’ पुढे काय झालं ते विचारलं नाही. चांगलंच झालं असणार.

बाबा ओसरीवर होते. ‘आलीस? तिकडे थंडी असते ना?’

‘डिसेंबरात उन्हाळा असतो, बाबा.’

‘उलटा देश,’ म्हणाले आणि माझी बॅग उचलून आत नेली. गुडघा दुखत असताना. चष्मा दिला तर म्हणाले, ‘जुन्यानं दिसतंय की मला.’ डबी तशीच कपाटावर.

बाबांना नवी खोड लागलीय. ओसरीवर बुद्धिबळाचा पट मांडतात आणि दोन्ही बाजूंनी एकटेच खेळतात. पांढऱ्याची खेळी झाली की उठतात, पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसतात, काळ्याची करतात, परत इकडे. मी म्हटलं, ‘ताडीच्या दुकानात इतके जण खेळतात, तिथे जा की.’

‘त्यांना खेळता येत नाही.’

म्हातारपण, दुसरं काय.

संध्याकाळी आत्या आली. ती याच गावात दिलेली. तिच्या मुलाशी माझं लग्न व्हावं ही तिची लाडकी तक्रार.

‘माझ्या चुलीपाशी बसशील म्हणून लहानपणी तुला मांडीवर मुतू दिलं. आणि तू निघालीस गोऱ्यांची फळं तोडायला.’

‘आत्या, तुझा मुलगा मला बघितलं की पळतो.’

‘पळू दे. एवढे बूट घेतलेत ना? धर पळत जाऊन.’

आई हसत होती. आईला मी इतकं हसताना कधी पाहिलं होतं, आठवत नाही.


३१ ऑक्टोबर, शुक्रवार

आईबरोबर बालिगेच्या बाजाराला गेले. मोजे आणि कुलूप घ्यायचं होतं. माझं झालं पण आईचं काही होईना. धक्क्याजवळच्या भांड्यांच्या दुकानापाशी ती उभी राहिली ती राहिलीच. एक पातेलं उचलायची, ठेवायची. बेटावरच्या लाँचमधून पोती उतरत होती, हमाल ओरडत होते, ऊन डोक्यावर आलेलं.

‘घेणार आहेस का ते पातेलं?’

‘बघतेय.’

दुकानदार म्हणाला, ‘दर शुक्रवारी बघतात. एव्हाना पातेल्यानंच यांना ओळखायला हवं.’

शेवटी पातेलं घेतलं नाहीच. कांदे घेतले, नेहमीच्या एका म्हातारीकडून. घरी स्वयंपाकघरात कांद्यांच्या माळा लटकतायत, वरच्यांना कोंब फुटलेत. मी तसं म्हटलं तर आई म्हणाली, ‘कांदा कधी वाया जात नाही.’ वय झालं की माणसाला कशाचाही साठा करावासा वाटतो.


३ नोव्हेंबर, सोमवार

माशाचं कुणीच काढत नाही. आई माझ्याकडे बघते, मी बाबांकडे, बाबा पटाकडे. आज अंगणात कॉफी वाळत घालताना मी आत्याला विचारलं, हे इतकं कसं ताणलं गेलं.

त्या दिवशी मी चुलीपाशी होते. आरडाओरडा ऐकला तेवढाच. आजोबांच्या मयताचं जेवण होतं, रेडा कापला होता. कुणाला कुठला भाग जातो ते आमच्यात ठरलेलं असतं. मुलगी देणाऱ्यांना बरगड्या. मुलगी नेणाऱ्यांना, म्हणजे जावईमंडळींना, गळा. नावं पुकारली जात होती आणि बाबा केळीच्या पानावरून एकेक भाग उचलून देत होते. मामाचं नाव पुकारलं. बाबांनी गळा उचलून दिला.

‘दोन दिवस झोपला नव्हता तुझा बाप,’ आत्या म्हणाली. ‘डोळे असे सुजलेले. तिथल्या तिथे बदलून दिलं असतं, वर दोन शब्द गोड बोलला असता, तर लोक हसले असते आणि जेवले असते. पण चारचौघांत चूक दाखवली म्हणून चिडला. म्हणाला, शेवटी मटणच ना.’

‘मग?’

‘मग तुझ्या मामानं ते खाली मातीत ठेवलं. तो निघाला, त्याच्या मागोमाग त्याची सगळी माणसं. तुझी आई फाटकापर्यंत धावली. त्यानं वळून पाहिलं नाही.’ आत्यानं कॉफीत दाताळं फिरवलं. ‘हातानं झालेली चूक हात धुतला की जाते. तोंडानं झालेली कुठे धुणार?’

‘बाबा माफी का मागत नाहीत?’

‘कुणाची? तुझा मामा माझ्या भावापुढे कालचं पोर. तुझ्या आईनं कडेवर वागवलेला. याच्या लग्नात तो शेंबडा होता. यानंच त्याला सायकल शिकवली, घोडा अडीच घरं कसा जातो ते शिकवलं. मान म्हणून त्याच्यापुढे वाकायला लागतं ते वेगळं. पण चुकलो म्हणून वाकायचं?’

मी ठरवलंय. मीच जाते बेटावर. भाचीला मामा काय नाही म्हणणार आहे? एक दिवस जायला, एक यायला. मासा घेऊनच येते.


६ नोव्हेंबर, गुरुवार. मामाकडे

लाँचमधून उतरले तर मामा धक्क्यावरच. केस पांढरे झालेत. मला बघून त्यानं पोतं खाली टाकलं.

‘बघा, देश सोडून चाललेली आली.’

‘तुला कुणी सांगितलं?’

‘कांदे विकतो मी. कांदेवाल्याला सगळं कळतं.’

मामीनं कोंबडी केली, नूडल्स केल्या, दुपारचं जेवण संपतंय तोवर रात्रीचं चढवलं. तळं दाराशी आहे, पण मासा दोन्ही वेळा नव्हता. मामाला सगळं ऐकायचं होतं. झाड केवढं असतं, शिडी लागते का, पाखरं खातात का, मालक कोण, तो ओरडतो का. ‘ओरडला तर काय म्हणशील? इंग्रजीत सांग.’ मी सांगितलं. ‘फार नम्र बोलतेस,’ म्हणाला. ‘आपल्या भाषेत बोल. अर्थ कळला नाही तरी सूर कळेल.’

मग इतर चौकशा. न्हाणीवरचा पत्रा बदलला का. ताईचा खोकला गेला का. दाजी अजून वजीर बाहेर काढायची घाई करतो का.

‘मला नाही माहीत. ते एकटेच खेळतात. दोन्हीकडून.’

मामा उठला. मग विनाकारण कुत्र्यावर खेकसला.

मी विषय काढला. ‘मामा, मासा देशील ना?’

‘ये इकडे,’ म्हणाला आणि मला तळ्याकाठी घेऊन गेला. तिथे त्याचं जाळ्याचं कुंपण आहे, आत मासे पाळलेत. ‘तो बघ. तो मोठा. तुझ्यासाठीच राखलाय. तू मेदानला कॉलेजला गेलीस तेव्हा असाच एक नेला होता मी, आठवतं?’

‘मग दे.’

‘तुला काय हवं ते माग. विमानतळावर सोडायला येतो. तिथे काही झालं तर लाँच विकून तुला आणायला येतो. मासा मागू नकोस.’

‘का?’

‘तू भाची आहेस. भाचीनं मागितलं आणि मी दिलं, तर तो नुसता कालवणाचा मासा. घरून भांडं येऊ दे. दाजीच्या हातात. मी दारात उभा राहीन, त्याला वर घेईन, पुढचं पुढे. त्यानं काही बोलायचीसुद्धा गरज नाही.’

‘ते येणार नाहीत, मामा.’

‘मग मासा पोहू दे,’ म्हणाला.

मामी पाठीमागे उभी होती. तिनं खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं. मी तिच्याकडे आशेनं पाहिलं, पण ती म्हणाली, ‘जा, हात धुऊन घ्या. भात निवतोय.’


७ नोव्हेंबर, शुक्रवार. घरी

सकाळी मामाच्याच लाँचनं कांद्यांच्या पोत्यांवर बसून बालिगेला आले. खरं तर अर्धा वेळ उभीच होते. तळं काचेसारखं, वारा गार, आणि मला एकदम इतका आनंद झाला की मी मोठ्यानं गायला लागले. मामानं खालचा सूर धरला, मामीनं वरचा. माशाचं दुःख तेवढ्यापुरतं विसरलेच. पुढच्या शुक्रवारी मी जवळजवळ निघालेली असेन. समुद्र, आणि त्याच्या पलीकडे चेरी.

धक्क्यावर आई होती, त्याच भांड्यांच्या दुकानाशी, हातात तेच पातेलं. मी हात हलवला. तिनं हलवला नाही. मामानंही तिच्याकडे बघितलं नाही. एका पोत्याचं तोंड सोडून त्यानं त्यातले सगळ्यात मोठे कांदे वेचून वर काढले आणि पोतं त्या म्हातारीपुढे ठेवलं. माल दाखवायची व्यापारी रीत असावी. मग तो लाँचच्या पलीकडच्या अंगाला जाऊन दोर आवळत बसला. दोर आवळलेलाच होता.

आई आली, म्हातारीकडून कांदे घेतले, पिशवीत घातले. आम्ही बससाठी उभ्या राहिलो.

‘मासा नाही मिळाला, आई.’

‘हं. कोंबडी कुठली केली, घरची की विकतची?’

‘आई, मी काय सांगतेय?’

‘ऐकलं. विहिरीवरचा फणस आहे का अजून? ओटा सारवलेला होता की सिमेंटचा केला? आणि तो बारीक झालाय का गं? लांबून वाटला.’

मी सगळी उत्तरं दिली. पिशवी मांडीवर घेऊन आई घरापर्यंत एकेक विचारत राहिली. कुठल्या खोलीत झोपलीस, खिडकी कुठल्या बाजूला, सकाळी ऊन कुठे येतं. मला वाटलं होतं, मासा नाही म्हटल्यावर ती कोसळेल.

बाबा ओसरीवर होते. सगळं ऐकलं असावं. मला फक्त म्हणाले, ‘लाँच वेळेवर सुटते का हल्ली?’ मी म्हटलं, सुटते. जेवण झाल्यावर पाहिलं तर नवा चष्मा घालून पटापाशी बसलेले. काळ्याच्या बाजूला.


१० नोव्हेंबर, सोमवार

आज वाईट झालं.

सकाळपासून बॅग भरत होते. बूट, कोट, औषधं, सगळं वजनात बसवलं. मन तरंगत होतं. बागेतून निरोप आला होता, मला पहिल्याच तुकडीत घेतलंय आणि झोपायला तळ्याकाठची खोली आहे. तिथेही तळं. मी नाचत स्वयंपाकघरात गेले. आई तिरफळं निवडत बसली होती, परडीभर. कशाला, कुणासाठी, तिलाच माहीत. मला तिची कीव आली आणि त्या भरात मी म्हणाले, ‘आई, मी बाजारातून मोठा मासा आणते. तू शिजव, मी खाते, तू तांदूळ ठेव. कोण बघायला येणार आहे? मासा शेवटी मासाच ना.’

आईचा हात परडीत थांबला.

आधी मला कळलंच नाही. मग कळलं.

‘बापाची लेक,’ आई म्हणाली. रागानं नाही. दमल्यासारखी.

‘आई, मला तसं नव्हतं म्हणायचं.’

‘मासा काय, मीही शिजवते चांगला. माझ्याकडून घेऊन शेजारणी शिकल्यात.’ ती परडी हलवत राहिली. ‘पण माझ्या घरून माझ्या लेकीसाठी काही यायचं नसेल, तर मी इथे आले कुठून? रस्त्यावर सापडले का या लोकांना?’

मी तिच्याजवळ बसले. ती म्हणाली, ‘तू परदेशी जायचं म्हणालीस ना, तेव्हा मला वाटलं, आता तरी. एवढं लांब पोरगी निघालीय म्हटल्यावर आता तरी हलतील दोघं. माझं कारण तर कुणाला पुरलं नाही.’

मग तिनं फडकं खांद्यावर टाकलं, परडी उचलली आणि तळ्याकडे गेली. तिरफळं धुवायला तळ्यावर जावं लागत नाही. नळ आहे.

महिनाभर मी समजत होते की ही सगळी धावपळ माझ्यासाठी चाललीय.


१२ नोव्हेंबर, बुधवार

आई नेहमीसारखी बोलते. माझ्या कोटाच्या गुंड्या तिनं काढून पुन्हा घट्ट लावल्या. मी दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा ‘जेव’ म्हणाली.

बाबांनी आत्याकडचं डुक्कर ठरवलंय. रविवारी मी निघायच्या आधी चर्चनंतर सगळ्यांना जेवण असेल. आत्या म्हणते, ‘रविवारचं जनावर आतापासून मागतो, याला दिवस कळेनासे झालेत.’ बाबांनी त्यांचा काळा कोटही काढून उन्हात टाकलाय, तोही रविवारसाठीच. मी निघणार म्हणून त्यांनाही काही वाटतंय म्हणायचं. बोलत नाहीत एवढंच.

तास्मानियात आज ऊन आहे. रोज बघते.


१३ नोव्हेंबर, गुरुवार

उद्या शुक्रवार. बाजार उठला की लाँच बेटाकडे परत जाईल. शनिवारी सकाळी एक इकडे येते, आणि त्यानंतरची लाँच मी मेदानच्या विमानतळावर असेन तेव्हाची.

आज दिवसभर मी दोन माणसांसारखी वागले. एक बॅगेची चेन लावते, उघडते, पुन्हा लावते आणि तिला भूक लागत नाही इतकी ती खूश आहे. मी हे लपवणार नाही, मला जायचंय, मासा आला किंवा नाही आला तरी सोमवारी मी त्या विमानात असणार आहे. तिथल्या झाडाखाली पहिली टोपली भरेन तेव्हा कशी दिसेन, ते मला आत्ता या क्षणी दिसतंय. दुसरी सारखी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहते. तिथे आई आहे. ती चुलीपाशी काहीतरी करत असते आणि माझ्याकडे बघून म्हणते, ‘काय हवंय?’

वर्षानं मी परत येईन. चेरी तोडून, देश बघून, अंगावर ऊन घेऊन येईन. आणि आई त्या सगळ्या शुक्रवारी भांड्यांच्या दुकानाशी उभी असेल. ती तिथे का उभी राहते ते मला सोमवारी कळलं, आई तळ्याकडे गेली तेव्हा. पातेल्यासाठी नाही, कांद्यासाठीही नाही. मी किती वर्षं डोळे तपासतेय.

म्हणून आता बाबांना विचारणार आहे. माझ्यासाठी नाही. माझ्यासाठी म्हटलं तर ते म्हणतील, तुला मासा नाही मिळाला तरी विमान उडेल. खरंच आहे ते.

ते नाही म्हणतील. मला त्यांचा नकार पाठ आहे. आधी गुडघा सांगतील. मग कॉफी बाहेर पडलीय, पाऊस आला तर कोण उचलणार. मग, तुझा मामा माझ्यापुढे कालचं पोर. आणि मी आणखी बोलले तर, बापाला शिकवायला निघालीस का. त्यानंतर त्यांच्यापुढे बोलायची आमच्या घरात कुणाची हिंमत झालेली नाही. आईची नाही, आत्याचीही नाही. त्यांना दुखवून निघाले तर वर्षभर तो आवाज कानात राहील, हेही मला दिसतंय. तरी विचारणार. एकदा विचारून नकार घेतलेला बरा.

ऊन उतरलंय. बाबा ओसरीवर आहेत, डुकराचा सौदा करून आलेत, पट अजून मांडलेला नाही. आई मागच्या अंगणात आहे, तिला ऐकू जाणार नाही. काय बोलायचं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे समोर गेल्यावर जीभ अडखळणार नाही.

बाबा, जनावर रविवारी नको, उद्या पहाटे कापू या. आई शिजवेल. दुपारची लाँच परत निघेल तेव्हा तुम्ही कोट घाला आणि माझ्याबरोबर चला. आईलाही घेऊ. मी वाटेत एक शब्द बोलणार नाही. मामाच्या दारापर्यंत भांडं तुम्ही धरा.